डॉटीने चेंडू सोडला नाही

पेनी मार्शल यांचा ‘अ लीग ऑफ देअर ओन’ हा अमेरिकेतल्या खऱ्या महिला बेसबॉल लीगवर बेतलेला १९९२ चा चित्रपट पुन्हा पाहायला बसले, की शेवटावरून वाद ठरलेला. १९४३ सालच्या अंतिम मालिकेतला सातवा सामना. रॉकफर्ड पीचेसची कॅचर डॉटी चेंडू घेऊन होम प्लेट, म्हणजे धाव पूर्ण होते ती जागा, अडवून उभी आहे. रसीन बेल्सकडून खेळणारी तिची धाकटी बहीण किट, थांबण्याचा इशारा धुडकावून, थेट तिच्या अंगावर धावत येते. दोघी धडकतात, डॉटीच्या हातातून चेंडू निसटतो आणि रसीन जिंकते. अनेक चाहते छातीठोकपणे सांगतात, की डॉटीने तो मुद्दाम सोडला. बहिणीच्या सुखासाठी थोरलीने सामना दिला, आणि हाच म्हणे या चित्रपटाचा सर्वांत हृद्य क्षण.

मला हे मुळीच मान्य नाही. त्याच शेवटच्या डावात आधी काय घडते ते पाहा. डॉटी फलंदाजीला येते तेव्हा समोर चेंडू फेकायला किटच असते. डॉटीचा सणसणीत फटका किटला खाली लोळवून मागे जातो, दोन धावा निघतात आणि किट डगआउटमध्ये ढसाढसा रडते. बहिणीला जिंकूच द्यायचे होते, तर संधी तिथेच चालून आली होती. मग किटची फलंदाजी येते. डॉटी स्वतः पुढे जाऊन आपल्या पिचरला सांगते, हिला उंच चेंडू टाक. ते हिला मारता येत नाहीत आणि सोडवतही नाहीत. एका घरात वाढल्यामुळेच कळलेले हे मर्म ती संघासाठी खुले करते. ही सामना सोडायला निघालेल्या बाईची लक्षणे नव्हेत.

यावर उत्तर येते, की इतकी भक्कम कॅचर चेंडू सोडेलच कशी? कशी म्हणजे, धडक बसल्यामुळे! भल्याभल्या पुरुष कॅचरच्या हातूनही असा चेंडू निसटलेला आहे, पण त्यांच्या बाबतीत कुणी त्याग शोधत बसत नाही. बाई हरली की ती मनाने हरली असेल, आणि बाई जिंकली की दुसऱ्या कुणी तिला जिंकू दिले असेल, हा समज आपल्या हाडीमाशी इतका भिनला आहे, की समोर दिसणारा खेळही आपल्याला दिसत नाही. त्यागाच्या या कथेने डॉटीचा मोठेपणा वाढत नाही. किटचा विजय मात्र भीक ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा चित्रपट इतिहासाला साखर लावतो, असे म्हणतात. यातला काही भाग खरा आहे. १९४३ च्या खऱ्या अंतिम मालिकेत रॉकफर्ड नव्हतेच; रसीनने केनोशाला हरवले होते. या लीगने कृष्णवर्णीय स्त्रियांना दारातच अडवले. मेमी जॉन्सन चाचणीला गेली आणि तिला परत पाठवले गेले. पुढे ती इंडियानापोलिस क्लाउन्सकडून पुरुषांबरोबर खेळली. चित्रपटात या अन्यायाच्या वाट्याला मोजके क्षण येतात. एक कृष्णवर्णीय स्त्री बाहेर गेलेला चेंडू उचलते आणि डॉटीच्या डोक्यावरून लांब उभ्या खेळाडूकडे असा भिरकावते, की झेलणारीचा हात झिणझिणतो. प्रसंग तोकडा आहे, हे कबूल. पण ‘तुम्ही हिला बाहेर ठेवलेत’ हा आरोप त्यात स्पष्ट आहे.

खेळाडूंच्या तोकड्या स्कर्टवरून मात्र चित्रपटाला दोष देण्यात अर्थ नाही. स्कर्ट आणि शिष्टाचाराचे वर्ग ही खऱ्या लीगचीच सक्ती होती. त्या स्कर्टमध्ये घसरत बेस गाठला की मांडी सोलवटायची. चित्रपटात एका खेळाडूच्या मांडीवर जो भलामोठा काळानिळा वण दिसतो, तो रंगवलेला नाही. चित्रीकरणात त्या अभिनेत्रीला झालेली ती खरी जखम आहे. अशाच पोशाखात रसीनच्या सोफी कुरिसने १९४६ च्या मोसमात २०१ बेस चोरले, म्हणजे पिचर-कॅचरची नजर चुकवून पुढचा बेस गाठला. साखर लावणारा चित्रपट असे वण दाखवत नाही.

मला हा चित्रपट प्रिय आहे तो खेळाकडे पाहण्याच्या याच गंभीरपणासाठी. शिकागोचे उद्योगपती रिगली यांनी युद्धकाळात उभी केलेली ही लीग १९४३ ते १९५४ चालली आणि ६०० हून अधिक स्त्रिया तिच्यात पगारावर खेळल्या. सुरुवातीला आठवड्याला ४५ ते ८५ डॉलर मिळत. खेळ हा त्यांचा धंदा होता. आपल्याकडच्या ‘चक दे! इंडिया’ किंवा ‘दंगल’मध्ये मुलींच्या खेळाला तिरंग्याचा नाहीतर बापाच्या स्वप्नाचा आधार लागतो. इथे मार्ला हूच या दणकट मुलीला केवळ चेहऱ्यापायी नाकारतात, तेव्हा डॉटी आणि किट सामान खाली ठेवतात आणि तिला घेतल्याशिवाय जायला नकार देतात. त्यांचा युक्तिवाद साधा आहे: हिचा फटका पाहिलात ना? मग झाले.

हीच कसोटी आपणही लावायला हवी. २०२३ पासून महिला प्रीमियर लीगमुळे आपल्या मुलीही व्यावसायिक खेळाडू म्हणून मैदानात उतरतात. तरी त्यांच्याविषयी लिहिताना आईचे मोडलेले दागिने आणि वडिलांचे कष्ट यांनी मजकूर भरतो, आणि चेंडू कसा वळला याला दोन ओळी उरतात. ते कष्ट खरे आहेत, त्यांचा मान राहू द्या. पण मुलीची धाव ही आधी तिची धाव आहे, आणि तिची चूकही तिचीच. तिच्या खेळाचे माप खेळानेच घ्या.