अरे-तुरे कुणाला?

लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव म्हणजे घाईचं काम. व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॅक्टरपाशी येतो, मूठभर कांदा उचलून बघतो, भाव पुकारतो आणि पुढच्या ट्रॉलीकडे वळतो. तिथं ‘ए, सरक रे, गाडी पुढं घे’ असं साठीच्या शेतकऱ्यालाही ऐकावं लागतं. पण तोही त्याच सुरात उत्तर देतो. हिशेब मिटला की दोघं एकाच टपरीवर चहा पितात.

मराठीला ‘तू’ परका नाही. आईला आपण अहो-जाहो करत नाही, विठोबाला तर नाहीच. त्याच वेळी नाशिककरांनी कुसुमाग्रजांना ‘तात्यासाहेब’ म्हणताना आपुलकी आणि आदर दोन्ही राखले.

खटकतं ते काउंटरपलीकडचं ‘तू’. पटका बांधलेल्या बाबांना ‘काय पाहिजे तुला? उद्या ये’ आणि त्यांच्याच मागच्या इस्त्रीच्या शर्टाला ‘बसा ना सर’. हा बोलीचा रांगडेपणा नव्हे. गावाकडची सवय म्हणावी, तर ती साहेबासमोर बरी आठवणीने सुटते! इथं माणूस नव्हे, कपडे बघून सर्वनाम ठरतं. बाबांना उलट ‘तू’ म्हणायची सोय नसते, आणि लिलावातल्या अरे-तुरेत नि या अरे-तुरेत फरक आहे तो एवढाच.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरेल. रामकुंडावर लाखोंची गर्दी आवरताना आवाज चढणारच, तो चढू द्या. पण बंदोबस्ताच्या प्रशिक्षणात ‘चल, हट’ऐवजी ‘चला, पुढं व्हा’ एवढं तरी घोटून घ्या. त्याला वेगळा निधी लागत नाही.