जुळवून घेणं आपल्याला नवं नाही

परदेशी निघालेल्या आपल्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : तिकडे गेल्यावर तुझं काय उरेल? आजीला रोजा-नमाजाची काळजी असते, मित्रांना दोस्तीची, मराठीच्या बाईंना भाषेची. मी इंजिनिअरिंग करून काही वर्षं पुण्यात काढली आणि आता जर्मनीत, म्युनिकमध्ये सॉफ्टवेअरचं काम करतो. एवढ्या वर्षांनंतर मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो : आपण इथून काय शिकून निघतो?

माझं बालपण सांगली जिल्ह्यातलं. घरात अम्मीशी दखनी, गल्लीत आणि शाळेत मराठी, संध्याकाळी मौलवीसाहेबांकडे अरबी हरूफ. मोहरममध्ये एसटीनं कडेगावला जायचं आणि मान वर करून उंचच उंच ताबूत बघायचे. त्या ताबुतांचा मान मुसलमानांइतकाच हिंदू घरांचाही. दिवाळीला फराळाची ताटं आमच्याकडे यायची, ईदला शीरखुर्म्याचे डबे आमच्याकडून जायचे. शेजारची काही घरं माळकरी, म्हणून अम्मी शीरखुर्मा मटणाचं भांडं न लागलेल्या वेगळ्या पातेल्यात करायची. 'सांस्कृतिक फरक' हा शब्द तेव्हा कुणी उच्चारला नाही. समोरच्याला काय चालतं ते विचारायचं, आपलं आहे ते लपवायचं नाही, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं.

हेच परदेशात कामी येतं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. रविवारच्या विश्रांतीला तिथल्या राज्यघटनेचंच संरक्षण आहे, त्यामुळे शनिवारी कांदे संपले तर सोमवारची वाट बघायची. नव्या घरात राहायला गेलं की दोन आठवड्यांत पालिकेच्या कार्यालयात नोंद करायची. रात्री दहानंतर आवाज नको. हे नियम आहेत. ते पाळल्यानं आपलं काही कमी होत नाही. भाषेतही 'तू' आणि 'तुम्ही' असा भेद आहे, तो मराठी माणसाला चटकन कळतो. पण ऑफिसात वयानं वीस वर्षं मोठ्या साहेबाला 'तू' म्हणायचं, हे जिभेला पटायला मला सहा महिने लागले.

खरी शाळा भरते ती जुम्म्याला. १९६१ साली पश्चिम जर्मनीनं तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी कामगार बोलावले. त्यांची मुलं-नातवंडं, बोस्नियातून आलेले, मोरोक्कोतून आलेले, सगळे एका सफीत उभे असतात. मालिकी पद्धतीचे काही जण हात न बांधता नमाज पढतात. कुणाच्या डोक्यावर टोपी असते, कुणाच्या नसते. मशिदीत बायकांसाठी जागा असते आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. आपल्या मोहल्ल्यात ज्याला आपण 'इस्लाम' म्हणत होतो, त्यातलं दीन किती आणि गावचा रिवाज किती, हे तिथे आपोआप वेगळं दिसू लागतं. खरं तर एवढ्या लांब जायचीही गरज नाही. देशावरचे आपण बहुतेक हनफी, कोकणातले बरेचसे भाऊ शाफई. असरच्या वेळेपासून फरक सुरू होतो. तरी सोयरिकीच्या बैठकीत 'ते वेगळे' म्हणून नाक मुरडणारे आपल्यात आहेतच.

दुसरा अनुभव भाषेचा. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात कुणीतरी कौतुकानं म्हणतं, 'मुसलमान असून किती छान मराठी बोलता!' मशिदीत नवी ओळख झाली की आपण पाकिस्तानचे, असंच समोरचा धरून चालतो. दोन्हीकडे न चिडता तेच उत्तर द्यायचं : ही माझी भाषा आहे, मी सांगलीचा आहे. हे उत्तर द्यायचा कंटाळा येतो म्हणून काहीजण मराठी सोडतात, काही मशीद. दोन्हींत आपलंच नुकसान आहे. माझा तुर्की शेजारी 'हवा', 'दुनिया', 'मैदान', 'साबण', 'हिशेब' हे शब्द थोड्याफार फरकानं वापरतो. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द आपण शाळेत मराठी म्हणूनच शिकलो. ज्या भाषेत एवढी माणसं वस्तीला आहेत, ती परकी कशी होईल?

आता थोडं कडू. पुण्यात शिकताना आडनाव ऐकल्यावर 'खोली कालच गेली' हे उत्तर मी अनेकदा ऐकलं. म्युनिकमध्ये घर शोधतानाही परदेशी नावाच्या अर्जाला अनेकदा उत्तरच येत नाही. फरक एवढा की वंश किंवा धर्म पाहून घर नाकारण्याविरुद्ध तिथे २००६ पासून कायदा आहे. तो सिद्ध करायला कठीण, पण दाद मागायला जागा आहे. आपल्याकडे घटनेचं कलम १५ प्रामुख्यानं सरकारला बांधतं. खासगी घरमालकाला असा अटकाव करणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. तो असावा, ही मागणी आपण सनदशीर मार्गानं लावून धरली पाहिजे.

पण मागणी करणाऱ्यालाही तोच काटा लागू होतो. आपल्या मोहल्ल्यात बिहारहून आलेल्या कामगाराला, एकट्या राहणाऱ्या नोकरदार मुलीला, तलाक झालेल्या बाईला आपण खोली देतो का? मशिदीत बहिणींसाठी जागा मागितली की कमिटी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणते, तेव्हा आपण गप्प का बसतो? परक्या देशात ज्या समान वागणुकीवर आपला हक्क सांगतो, ती आपल्या हाती देण्यासारखी असताना मागे ठेवली, तर त्या हक्काची भाषा पोकळ होते.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं : नियम पाळा, रिवाज तपासा, ईमान आणि भाषा दोन्ही सोबत ठेवा. आणि इथेच राहणाऱ्यांनो, वेगळ्या माणसाशी जुळवून घेण्याचा सराव करायला व्हिसा लागत नाही. तुमच्या गल्लीत रिकामी खोली असेल, तर तिथूनच सुरुवात करता येईल.