फुगवल्यानंतरचा अर्धा तास

अँजिओप्लास्टीतला फुगा तुंबलेली रक्तवाहिनी उघडतो, हे खान्देशात आता घरोघरी ठाऊक आहे. नेमके उलटे काम करणारा फुगाही असतो. जांघेतल्या धमनीतून बारीक नळीने तो महाधमनीत नेऊन फुगवतात. खाली जाणारे रक्त थांबते. पोटात वा कंबरेच्या हाडांत रक्तस्राव होणाऱ्या जखमीच्या मेंदूला आणि हृदयाला रक्त पुरते. कोरियन युद्धातला असा प्रयोग १९५४ मध्येच प्रसिद्ध झाला होता.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. तिथल्या आणि जळगावच्या शासकीय रुग्णालयांत हा फुगा हवा, असे कुणालाही वाटेल. पण ब्रिटनमधील ९० जखमींवरच्या चाचणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. फुग्याची सोय असलेल्या गटात ९० दिवसांत ५४ टक्के दगावले, नेहमीच्याच उपचारांच्या गटात ४२ टक्के. फुगा बसवण्यात शस्त्रक्रिया लांबते. शिवाय मूत्रपिंडे, आतडी, पाय रक्ताविना राहतात. महाधमनी छातीत बंद केली, तर साधारण अर्ध्या तासात ती मोकळी व्हावी लागते. तोवर रक्तस्रावाचे मूळ कुणी बांधायचे?

पारोळा-एरंडोल पट्ट्यातल्या जखमीचा वेळ रस्त्यातच जातो. त्याला पोहोचताच जुळणारे रक्त, जागा असलेला भूलतज्ज्ञ आणि पोट उघडू शकणारा सर्जन लागतो, रात्री दोन वाजतासुद्धा. खरेदीच्या यादीत फुगा लिहिण्याआधी या तिघांची रात्रपाळी लावावी.