५२ वजा २७

जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. बाईंचा मोबाइल खिडकीच्या गजांना टेकवून ठेवलेला, त्यावर प्रशिक्षणाचा व्हिडिओ आवाज बंद करून चालू. प्रमाणपत्राची मुदत त्याच दिवशी संपत होती. फळ्यावर हातच्याची वजाबाकी होती. ५२ वजा २७ चे उत्तर कितीतरी पाट्यांवर ३५ आले होते. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. मुले मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होती. हा घोटाळा कसा सोडवावा हे बाईंना कोणीतरी शेजारी बसून दाखवायला हवे होते.

बाईंना दोष देता येणार नाही. ‘निष्ठा’ प्रशिक्षण २०१९ मध्ये सुरू झाले ते समोरासमोर, ४२ लाख शिक्षकांचे लक्ष्य ठेवून. करोनात ते ‘दीक्षा’ या ऑनलाइन मंचावर गेले. त्यामुळे दुर्गम पाड्यावरच्या शिक्षकापर्यंतही तोच पाठ पोहोचला, ही कमाई मोठीच आहे आणि ती गमावू नये. पण व्हिडिओ संपला, प्रश्नमंजूषा सोडवली, प्रमाणपत्र उतरवून घेतले की प्रशिक्षण झाले, असे आपण धरून चाललो आहोत. ते चूक आहे.

पडद्यावरचे प्रशिक्षण नवे नाही. १९७५-७६ मध्ये ‘साइट’ प्रयोगात उपग्रहावरून सहा राज्यांतील खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. त्यात प्राथमिक शिक्षकांसाठी विज्ञानाचे प्रशिक्षणही होते. शिक्षक केंद्रावर जमत, कार्यक्रम पाहत, मग साध्या साहित्यातून प्रयोग स्वतःच्या हातांनी करत आणि त्यावर बोलत. पडदा होताच, पण त्याच्या शेजारी माणूसही होता. आज प्रत्येकाच्या खिशात पडदा आहे. माणूस तेवढा कमी झाला.

तो माणूस आपल्या व्यवस्थेत आहे, त्याचे नाव केंद्रप्रमुख, आसपासच्या शाळांच्या गटाचा म्हणजे केंद्राचा प्रमुख. कित्येक पदे रिकामी आहेत, आणि जे आहेत ते माहिती भरून पाठवण्यात बुडालेले. केंद्रातल्या शिक्षकांची बैठक, म्हणजे शिक्षण परिषदही, परिपत्रके वाचण्यातच सरते.

नव्या शैक्षणिक धोरणाने दर शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण सांगितले आहे. शासनाने त्यांतले निम्मे तास वर्गातल्या पाठनिरीक्षणाला आणि शिक्षण परिषदेतल्या चर्चेला द्यावेत, आणि त्याआधी केंद्रप्रमुखांची पदे भरावीत.