दोन नंबरचा स्टार आणि २३३ नंबरचा नवखा



मागच्या व्हिडिओत स्टाफ भरतीबद्दल बोलताना मी अमेरिकन फुटबॉलचं एक उदाहरण घाईघाईत देऊन टाकलं होतं. ते अर्धवट राहिलं, म्हणून आज इथे निवांत सांगतो. माझं एक मत आहे, ते पटलं नाही तरी चालेल.

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला असतो. पक्का न्यूयॉर्क जायंट्सवाला. त्याचा रूममेट फिलाडेल्फिया ईगल्सवाला. एप्रिल आला, ड्राफ्ट जवळ आला की दोघांची जुंपतेच. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून येणारे नवे खेळाडू टीमांनी निवडायचे. आपल्या आयपीएलसारखा लिलाव नाही, पाळी असते. ३२ टीम, सात फेऱ्या, आणि आदल्या सीझनला जी टीम सगळ्यात खाली तिची पाळी साधारणपणे सगळ्यात आधी.

२०१८ साली जायंट्सची पाळी दुसरी होती. त्यांनी घेतला सेक्वॉन बार्कली. पोझिशन रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा. ४० यार्ड ४.४० सेकंदात पळाला होता, अंग म्हणजे नुसतं पोलाद. भाचा फोनवर ओरडत होता, "मामा, लॉटरी लागली!"

आणि पोरगा खरंच भारी निघाला. पहिल्याच वर्षी १,३०७ यार्ड धावला, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू ठरला. टीमचं काय झालं? ५ मॅच जिंकल्या, ११ हरल्या. पुढच्या वर्षी ४ आणि १२. त्यानंतर त्याचा गुडघा गेला. तो सावरला, परत चांगला खेळला, पण २०२४ मध्ये जायंट्सनी त्याला जाऊ दिलं.

आता या खेळातली एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. बॉल घेऊन पळणारा दिसतो, पण त्याला वाट करून देतात समोरचे पाच धिप्पाड गडी. त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. हे बॉल घेऊन पळत नाहीत. टीव्हीवर त्यांचं नाव येतं ते चुकले की. ही भिंत कच्ची असेल तर मागचा कितीही वेगवान असो, दोन पावलांत आडवा.

त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या नंबरवर इंडियानापोलिसने क्वेंटन नेल्सन घेतला. गार्ड, म्हणजे त्या पाचांतला एक. 'गार्ड एवढ्या वर कोण घेतं?' असं म्हणणारे तेव्हाही होते. नेल्सन पहिल्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम संघात निवडला गेला आणि टीम ४-१२ वरून १०-६ वर गेली. अर्थात त्यांचा क्वार्टरबॅक अँड्रू लक त्याच वर्षी दुखापतीतून परतला होता, सगळं श्रेय गार्डला देणं बरोबर नाही. पण लकसमोर भिंत उभी राहिली हे खरं.

भाचा आता म्हणतो, "मामा, रनिंग बॅक इतक्या वर घ्यायचाच नसतो." मला हे अर्धंच पटतं. कारण पुढे बघा. बार्कली गेला कुठे? रूममेटच्या ईगल्समध्ये. तिथे पहिल्याच सीझनला २,००५ यार्ड धावला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सुपर बोल जिंकला. माणूस तोच, पायही तेच. फरक समोरच्या भिंतीत होता.

त्या भिंतीच्या डाव्या टोकाला होता जॉर्डन मायलाटा. मला बार्कलीपेक्षा या माणसाचं जास्त कौतुक. ऑस्ट्रेलियाचा, सिडनीत रग्बी लीग खेळणारा, उंची सहा फूट आठ इंच. अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच खेळलेला नव्हता! ईगल्सनी त्याच २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याला २३३ व्या नंबरवर घेतलं. पहिली दोन वर्षं तो मैदानात उतरलाच नाही, पाठदुखीही होती. पण जेफ स्टाउटलंड नावाच्या कोचने त्याला पाय कुठे ठेवायचा इथपासून घडवलं. 'हा कोणत्या जागेवर उभा राहील' हे घेतानाच ठरलं होतं आणि शिकवणारा माणूस हजर होता.

म्हणून फॅन लोकांचं 'हा भारी की तो भारी' मला अपुरं वाटतं. कुठे उभा राहणार आणि शेजारी कोण, हे आधी विचारा.

हे मी शहाणपणाने सांगतोय, पण यात माझी स्वतःची माती झालेली आहे. काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपवाल्या क्लायंटला मीच सांगितलं, "तगडा सेल्सवाला घ्या, सॅलरी बघू नका." त्यांनी घेतला. तीन महिन्यांत ऑर्डरींचा ढीग. पण डिस्पॅचला एकच मुलगा, तोच पॅकिंग करायचा, तोच टेम्पोवाल्याला फोन लावायचा. माल उशिरा, पार्ट्यांच्या शिव्या, आणि त्या खायच्या सेल्सवाल्याने. सहाव्या महिन्यात त्याला काढला. मालक म्हणाले, "सर, माणूसच चुकीचा निघाला." मी मान डोलावली. आज तोच माणूस दुसऱ्या कंपनीत उत्तम काम करतोय, हे मला त्याच्याच तोंडून एका लग्नात कळलं. मला जेवण गेलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच मालकांचा फोन आला. परत सेल्सला माणूस हवाय, दोन बायोडेटा पाठवलेत. मी ते अजून उघडलेले नाहीत. त्यांना एवढंच विचारलं, "डिस्पॅचला आता कोण आहे?" म्हणाले, "तोच मुलगा, सर."

मंगळवारी वर्कशॉपवर जातोय. आधी त्या मुलाशी बोलणार आहे.