म्हणे वय झालं!

मंडळी, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर चार दिवस मी नातवाला माझ्या भावाच्या नावानं हाक मारत होतो. सगळ्यांचं निदान एकच : "गुरुजी, वय झालं!" अहो, आदल्या दिवशी वय नव्हतं का?

१९९८ साली 'लॅन्सेट'मध्ये आलंय : मोठी शस्त्रक्रिया झालेल्या साठीपुढच्या २५.८ टक्के रुग्णांची स्मरण-विचारशक्ती आठवड्यानंतर घटलेली होती, तीन महिन्यांनी ९.९ टक्क्यांची. कारणं अनेक. पण भुलीतले शिथिल स्नायू पूर्ववत करायला निओस्टिग्मिन देतात, नाडी मंदावू नये म्हणून सोबत अ‍ॅट्रोपिन किंवा ग्लायकोपायरोलेट. अ‍ॅट्रोपिन मेंदूत शिरतं, म्हाताऱ्याला भ्रम होऊ शकतो. ग्लायकोपायरोलेट सहसा शिरत नाही. मला काय दिलं? डिस्चार्ज कार्डावर एक ओळ नाही. संमतीपत्रावर सह्या मात्र तीन!

पुढल्या महिन्यात हिचं ऑपरेशन आहे, यवतमाळला. भूलतज्ज्ञांना विचारायचे प्रश्न वहीत लिहून ठेवलेत.