तहानलेल्या मुलाची साक्ष

ग्वाल्हेर हे नाव गोमंतकीय वाचकास परके नाही. शिंद्यांची राजधानी, कविवर्य भा. रा. तांबे यांनी १९४१ साली जेथे देह ठेवला ती नगरी, पिढ्यान्‌पिढ्या मराठी जपणाऱ्या घराण्यांचे गाव, ही तिची ओळख. त्या नगरीतील उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आवारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा उभारावा की नाही, यावरून २०२५ साली वकीलवर्गात उघड दोन तट पडले. एका बाजूने नियम आणि परवानगी यांचा मुद्दा मांडला, तर दुसऱ्या बाजूने सन्मानाचा. नियमांचा निवाडा ज्यांचा त्यांनी करावा. आम्हांस त्यात पडावयाचे नाही. परंतु न्यायमंदिराच्या दारातील हा वाद वाचून आम्हांस एका जुन्या कादंबरीचे स्मरण झाले आणि ती पुन्हा हाती घ्यावीशी वाटली.

हार्पर ली या अमेरिकन लेखिकेची 'टू किल अ मॉकिंगबर्ड' ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक लाभले. अलाबामातील एका लहानशा गावची गोष्ट स्काउट नावाची मुलगी सांगते. तिचे वडील अॅटिकस फिंच हे वकील. गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याच्या खोट्या आरोपात अडकलेल्या टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयाचा खटला ते चालवितात. टॉमचा डावा हात निकामी आहे. पुरावा त्याच्या बाजूचा आहे. तरीही गोरे पंच त्याला दोषी ठरवितात. कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या सज्जात बसून ही मुले तो अन्याय पाहतात.

तरुणपणी ही कादंबरी वाचून आम्ही डोळे पुसले आणि मनातल्या मनात अॅटिकसच्या शेजारी जाऊन उभे राहिलो. पुन्हा वाचताना मात्र हे समाधान टिकत नाही. २०१५ साली लेखिकेचे त्याआधीचे हस्तलिखित प्रसिद्ध झाले. त्यातील अॅटिकस कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांना विरोध करणारा निघाला आणि जगभरचे वाचक हबकले. शिवाय मूळ कादंबरीतही टॉमचे बालपण, त्याचे घर, त्याच्या मुलांचे दुःख आपल्याला कितीसे दिसते? अन्याय सोसणाऱ्याची कथा ही अन्याय पाहणाऱ्याच्या तोंडून सांगितलेली कथा आहे. ती खोटी नाही, पण अर्धी आहे.

उरलेली अर्धी कथा आपल्याच मातीत घडली आहे. मध्य प्रदेशातील महू येथे जन्मलेल्या, पण कोकणातील आंबडवे गावच्या कुळातील भीमराव या मुलाने सुमारे १९०१ साली साताऱ्याहून वडिलांना भेटण्यासाठी प्रवास केला. सोबत भाऊ आणि भाचे होते. मसूर स्थानकावर त्यांची जात कळताच गाडीवाले मागे सरले. अखेर दुप्पट भाडे घेऊन एकाने गाडी दिली. हाकावी मात्र मुलांनीच, तो पायी चालणार! वाटेत शिदोरी होती, पण पिण्यास स्वच्छ पाणी मिळेना. मुलांनी रात्र तशीच उपाशी काढली. हा प्रसंग बाबासाहेबांनी पुढे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात कोणताही आक्रोश न करता लिहून ठेवला आहे. तोच मुलगा बॅरिस्टर झाला, आणि त्याच्या पुतळ्यावरून सव्वाशे वर्षांनी बॅरिस्टरांच्याच व्यवसायबंधूंत तट पडले.

सज्जातून पाहणारे मूल आपल्याला रडविते. गाडीतले तहानलेले मूल आपल्याला जाब विचारते. पहिल्याला आपण सहज जवळ करतो, कारण त्याच्या कथेत आपल्याला सज्जनाची जागा मिळते. दुसऱ्याच्या कथेत आपल्यासाठी गाडीवाल्याचीच जागा शिल्लक असते. तो काही क्रूर माणूस नव्हता. त्याने गाडी दिली, पैसे घेतले, आणि विटाळ तेवढा टाळला.

आम्ही गोमंतकीय स्वतःस उदार म्हणवितो. परंतु महाजनकी कोणाची, पालखीला खांदा कोणाचा, गर्भागारात पाऊल कोणाचे, हे अनेक ठिकाणी आजही जन्मावरूनच ठरते. त्याला आपण परंपरा म्हणतो. गाडीवाल्यानेही तेच म्हटले असते.

अभिजात ग्रंथ पुन्हा वाचावयाचा तो जुने अश्रू पुन्हा ढाळण्यासाठी नव्हे. आमच्या शिक्षकांनी आणि पालकांनी ही दोन्ही बालपणे मुलांच्या हाती एकत्र द्यावीत. पुतळ्याची जागा न्यायालय ठरवील. त्या मुलाला पाणी कोण देणार, हे मात्र ज्याने त्याने आपल्या उंबरठ्यावरच ठरवावयाचे आहे.